‘लवकर निघा’ हा उपाय नाही

सोलापूरच्या बायपासवर रस्त्याच्या कामामुळे होणाऱ्या कोंडीच्या तक्रारीवर एकांनी वर लिहिलंय, ‘काम चालू आहे, अर्धा तास लवकर निघा.’ रस्ता हवाय, त्याबद्दल वाद नाही. पण केगावकडून येणारा विद्यार्थी आणि चिंचोळी एमआयडीसीतला कामगार किती लवकर निघणार? बायपास असतो तो पुणे-हैदराबाद आणि विजयपूरकडची जड वाहतूक गावाबाहेरून काढायला. तोच एका लेनवर आला की कंटेनर, कांद्याचे ट्रक, वर हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, सगळं एकाच जागी तुंबतं. त्यात मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली रात्री दिसतच नाही. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

रस्त्याच्या कामावेळी वाहतूक कशी सांभाळायची याची आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे, २०१४ साली सुधारलेली. आगाऊ सूचनाफलक, वेग कमी करायला पुरेसं अंतर, चमकणारे बॅरिकेड, झेंडेवाला माणूस, सगळं त्यात आहे. इथे मात्र मातीचा ढीग आणि त्यावर चार दगड!

आधी सर्व्हिस रोडचे खड्डे भरा, मगच वाहतूक तिकडे वळवा. आणि अरुंद पट्ट्याच्या दोन्ही टोकांना वॉकीटॉकी घेतलेली माणसं उभी करा, म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलला निघालेली अँब्युलन्स तरी अडकणार नाही.