डास आहेत, पण आजार पसरेल का? पाचगणीची थंडी आणि जतचं ऊन

प्रश्न (पाचगणी): जानेवारीतही इथे भिंतीवर डास दिसतात. ‘उंचीवर हिवताप नाही’ असं सर्रास म्हणतात, मग रेघ किती अंशांवर ओढायची? आणि जत-आटपाडीत मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तिथे डास टिकतात कसे?

उत्तर (सातारा): रेघ डासासाठी नाही, त्याच्या पोटातल्या हिवतापाच्या परजीवीसाठी ओढा. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स या त्याच्या दोन जाती. त्याचं जुनं गणित आहे: फाल्सिपेरमसाठी सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि उरेल त्याने १११ ला भागा. व्हायवॅक्ससाठी १४.५ वजा करून १०५ ला भागा. उत्तर येतं ते दिवस, म्हणजे रुग्णाचं रक्त प्यायल्यापासून डास आजार द्यायला तयार होईपर्यंतचे. फाल्सिपेरमला २५ अंशांत १२ दिवस लागतात, २० ला २८, १८ ला ५५. रोज दहातला एक डास मरतो असं धरलं तर हजारातले १२ दिवसांनी २८२ उरतात, २८ दिवसांनी ५२ आणि ५५ दिवसांनी जेमतेम ३. व्हायवॅक्स मात्र १८ अंशांतही ३० दिवसांत तयार होतो. थंडीत काळजी करायची ती त्याची.

उत्तर (सांगली): उन्हाचं कोडं सोपं आहे. वेधशाळेचा पारा म्हणजे डासाचा पारा नव्हे. डेंगू पसरवणारा एडीस डास दुपारी खाटेखाली, लटकवलेल्या कपड्यांमागे, मोरीच्या कोपऱ्यात बसतो, तिथे गारवा असतो. त्यात टँकर चार-आठ दिवसांनी येतो, म्हणून सावलीत भरलेले बॅरल आणि रांजण कायम असतात. अळीला आणखी काय हवं? अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिलं की पुढच्या टँकरला तीच अंडी फुटतात. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून काठापर्यंत काथ्याने घासा, मगच भरा. गरम दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पंधरवड्याची पाळी चालत नाही.

प्रश्नकर्ता: मग थर्मामीटर कुठे लावू?

उत्तर (सातारा): डास बसतात त्याच खोलीत, चुलीपासून लांब, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. किमान-कमाल दाखवणारा घ्या. एक सांभाळा: रात्री १२ आणि दुपारी २४ असेल तर सरासरी १८ येते आणि गणित फाल्सिपेरमला ५५ दिवस सांगतं. दुपारच्या उबेत परजीवी भराभर वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात दिवस कमी लागतात. अशा ठिकाणी तासातासाची नोंद ठेवा आणि १६ च्या वरचे अंश तेवढे मोजा.