मदत हवी आहे: काळ उलटा केला की वजा चिन्ह येतंय, कुठं चुकतोय?

शहापूरचा_पोरगा: उद्या सेमिनार आहे आणि दुसऱ्याच पानावर अडकलोय. क्वांटममधल्या टाइम रिव्हर्सलमध्ये (काळ उलटा फिरवण्यात) एक्स (कणाची जागा) तसाच राहतो, पी (संवेग) चं चिन्ह पालटतं. मग एक्सपी वजा पीएक्स हा कम्युटेटर, जो आय एचबार यायला हवा (आय म्हणजे वजा एकचं वर्गमूळ, एचबार म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय), तो 'वजा आय एचबार' होतोय. हायझेनबर्गची अनिश्चितता मोडली की! तीनदा केलं, तेच. लवकर सांगा.

दुसरं_गेट: उजवीकडच्या आय ला काय केलंस ते लिहिलंच नाहीस.

शहापूरचा_पोरगा: आय ला काय करायचं? तो नुसता आकडा आहे.

निपाणीकर: खरा वांदा ऊर्जा-काळाच्या अनिश्चिततेत आहे. ऊर्जेला तळ असला की काळाचा ऑपरेटर (राशीचं क्वांटममधलं गणिती रूप) जमत नाही, हा पाउलीचा आक्षेप 1933 चा. मँडेलस्टाम-टाम यांचा 1945 चा शोधनिबंध बघ. त्यातला डेल्टा-टी (काळाची अनिश्चितता) घड्याळातली चूक नव्हे, एखाद्या राशीची सरासरी तिच्या पसाऱ्याइतकी सरकायला लागणारा वेळ.

दुसरं_गेट: हे विचारलंय कुणी?

निपाणीकर: सेमिनारात विचारतील की!

चिकोडी_एक्सप्रेस: धारवाडला आहेस की कोल्हापूरला? धारवाडचे जुने पेपर आहेत माझ्याकडं.

खानापूर_पॅसेंजर: आकडा म्हणून सोडलास तिथंच घोळ झाला. टाइम रिव्हर्सल अँटिलिनियर असतं, म्हणजे त्यात आय चा वजा आय होतो. विग्नर, 1932. ई घात आय के एक्स ही लाट घे, आय पालट. एक्स जागच्या जागी, लाट मात्र उलट्या दिशेनं. पी पालटला तो आय मुळंच! डावीकडं वजा, उजवीकडंही वजा. कटलं.

दुसरं_गेट: तसंही अनिश्चिततेच्या रॉबर्टसनच्या (1929) असमानतेत कम्युटेटरच्या सरासरीचं केवल मूल्य (चिन्ह सोडून) घेतात. वजा राहिला असता तरी अर्धा एचबार तेवढाच.

खानापूर_पॅसेंजर: असमानता वाचेल हो, खरं कम्युटेटर चुकीचाच राहील. पोराला पळवाट शिकवू नका.

दुसरं_गेट: पळवाट कसली? त्यानं 'अनिश्चितता मोडली' असं लिहिलंय, त्याचं उत्तर दिलं.

शहापूरचा_पोरगा: आलं! स्पिनचंही (कणाच्या अंगच्या कोनीय संवेगाचं) करून बघितलं: एसएक्स एसवाय वजा एसवाय एसएक्स बरोबर आय एचबार एसझेड. एसएक्स, एसवाय दोन्ही पालटतात, डावीकडं वजा उरत नाही. उजवीकडं आय आणि एसझेड दोन्ही पालटले, तिथंही नाही. आय सोडला असता तर इथंही फसलो असतो.

निपाणीकर: आता ऊर्जा-काळाचं पान जोड.

चिकोडी_एक्सप्रेस: पेपर हवेत का नकोत?

शहापूरचा_पोरगा: पाठवा. कोल्हापूरला आहे खरं.