हसू आणि जादू एकाच क्षणाला: स्टेजवरच्या विनोदी जादूचे अनुभव

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कारण एक पितळी लोटा आहे.

गेल्या गणपतीत जुन्या नाशकातल्या एका मंडळात मी पाऊण तासाचा जादूचा प्रयोग केला. रुमाल, पत्ते, दोर, सगळं नीट झालं. पण घरी जाताना लोक बोलत होते ते लोट्याबद्दल. जगभरचे जादूगार या खेळाला 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणतात. लोटा बादलीत पूर्ण उपडा करायचा, रिकामा म्हणून बाजूला ठेवायचा. पुढचा खेळ झाला की जाता जाता तोच लोटा पुन्हा उपडा करायचा. पुन्हा पाणी!

पहिली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी डोळे मोठे करून लोकांकडे बघायचो. हशा अर्धाच यायचा. मग लक्षात आलं की आश्चर्य दाखवायचं काम प्रेक्षकांचं आहे, ते मी करून टाकलं तर त्यांना काय उरणार? गेल्या गणपतीत मात्र मी लोट्याकडे बघितलंच नाही. पहिल्यांदा ओतला आणि काहीच बोललो नाही. दुसऱ्यांदा हवामानाची बातमी द्यावी तशा कोरड्या आवाजात म्हणालो, "गंगापूर धरणातून विसर्ग सुरू." तिसऱ्यांदा, "पाणी दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला." चौथ्यांदा, "गुडघ्याला." पुढे मला बोलावंच लागलं नाही. लोट्याला हात लावला की पोरंच ओरडायची, "कमरेला! छातीला!" गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, ते पाहायला पावसाळ्यात घाटावर जाणाऱ्या नाशिककराला ही मोजपट्टी शिकवावी लागत नाही. शेवटी नमस्कार केला, पडदा अर्धा आला, तेव्हा परत वळून लोटा ओतला. त्या टाळीसाठी मी सहा वर्षं थांबलो होतो.

तुमचे अनुभव लिहा. एकच विनंती: खेळाचं गुपित इथे फोडू नका. खेळ कसा सादर केलात, कुठे चुकलं, काय बदललं, ते मात्र हातचं राखून ठेवू नका.

*

पेठ तालुका, शाळेतली बाई

मी दोन दारांच्या पेटीचा खेळ करते. लाकडी ठोकळा पेटीत ठेवायचा, पेटी एका बाजूला कलती करून रिकामं दार उघडून दाखवायचं. मुलं ओरडतात, "बाई, दुसरं दार!" मग पेटी दुसरीकडे कलती करून ते दार उघडायचं. तेही रिकामं. ठोकळा घरंगळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्यामुळे बाईंची लबाडी आपण पकडली याची मुलांना खात्रीच असते. शेवटी दोन्ही दारं एकदम उघडते तेव्हा पेटीत काहीच नसतं आणि ठोकळा निघतो समोरच्या टोपीतून.

यात मी दोन चुका केल्या. पहिली, वर्गात पंखा फुल्ल चालू होता. ठोकळ्याचा आवाज मागच्या बाकांपर्यंत गेलाच नाही, मग पकडायला लबाडीच नव्हती! आता पंखा बंद करते आणि माईक असला तर पेटीजवळ ठेवते. दुसरी चूक मोठी. मुलं ओरडतायत याचा मलाच आनंद झाला आणि मी सहा-सात वेळा पेटी हलवली. चौथीतला एक मुलगा रागाने लाल होऊन पुढे आला आणि पेटी ओढायला लागला. त्याच्या दृष्टीने बाई खरंच खोटं बोलत होत्या. आता तीनदाच कलती करते. आणि टोपी आधीपासून त्या वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाच्या डोक्यावर ठेवलेली असते. ठोकळा त्याच्याकडे सापडतो आणि सगळा वर्ग त्याच्या नावाने ओरडतो. गेल्या जूनपासून तो मुलगा प्रार्थनेनंतर सुविचार सांगतो.

*

नाशिकरोड, सहायिका

सहायिकेकडून कुणी कधी अनुभव मागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी बारा वर्षं माझ्या दादाच्या प्रयोगात पेटीत झोपते आणि तो मला करवतीने कापतो. हा खेळ लंडनला 1921 च्या जानेवारीत पी. टी. सेल्बिट यांनी रंगमंचावर आणला. आपल्या पी. सी. सरकारांनी 1956 मध्ये बीबीसीवर तो केला, तेव्हा कापलेली मुलगी पुन्हा उठून दिसायच्या आतच कार्यक्रम संपला आणि घाबरलेल्या लोकांनी फोनवर फोन केले. हे मी मुद्दाम सांगते, कारण खेळात भीती किती खरी असते ते त्यावरून कळतं. विनोद करायचा तर त्याच भीतीवर करायचा असतो. आधी ती नीट उभी केली नाही तर हसण्यासारखं काही उरत नाही.

आम्ही सुरुवातीला पहिल्यापासूनच गंमत करायचो. मी आत शिरतानाच तोंडं वेडीवाकडी करायचे. लोकांना वाटायचं, चला, नाटक आहे. कापल्यावर टाळ्या पडायच्या त्या शिष्टाचाराच्या. मग आईच म्हणाली, "अगं, तू आत जाताना खरंच जा की!" आता मी गंभीर चेहऱ्याने आत जाते. करवत लागते, सभागृह चिडीचूप होतं. करवत मधोमध आली की मी हात बाहेर काढून चिवड्याचा पुडा फोडते. दादा थांबतो. मी त्याला एक बकणा देते. तो खातो आणि परत कापायला लागतो. यात एकही वाक्य नाही, तरी एवढा हशा दुसऱ्या कुठल्याच जागी येत नाही. पेट्या वेगळ्या झाल्यावर पलीकडचे पाय एकमेकांवर खाजवतात आणि मी इकडे चिवडा खात "आहाहा" करते.

एकदा लासलगावला मलाच आधी हसू फुटलं. समोरचे शे-दोनशे लोक क्षणात गप्प झाले. तेव्हापासून पेटीत असताना मी मनात घरातल्या किराणाची यादी म्हणते.

*

अंबड, कारखान्यात नोकरी

हात कापायचं यंत्र. वरच्या-खालच्या भोकांत गाजरं घालायची, मधल्या भोकात माणसाचा हात, पातं खाली आलं की गाजरं तुटतात आणि हात शाबूत. कंपनीच्या स्नेहसंमेलनात मी एका वयस्क कामगारकाकांना वर बोलावलं. "काका, विमा आहे ना?" वगैरे ठरलेली वाक्यं म्हटली. लोक हसले, काकाही हसले, पण त्यांचा हात थरथरत होता. नंतर जेवताना कुणीतरी सांगितलं, अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी प्रेस मशीनमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत सोबतच्या कामगाराची दोन बोटं गेली होती.

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "तुला काय माहीत, बाळा." पण माहीत करून घेणं माझं काम होतं. आता त्या यंत्रात हात माझा असतो आणि पातं ओढतो वर आलेला पाहुणा. भ्यायचं मी, वाक्यं माझ्यावर, टाळी त्याला. खरं सांगतो, हशा दुप्पट झाला. वर आलेला माणूस अवघडलेला असला की बाकीचेही सांभाळूनच हसतात. तो मोकळा झाला की सगळं सभागृह मोकळं होतं. आणि काकांना पुढच्या वर्षी मीच विचारलं, याल का पातं ओढायला? आले. फार जोरात ओढलं!

*

शालिमार, नाट्यगृहात ध्वनी-प्रकाश

माझं थोडक्यात. खेळ फसल्याचं नाटक असतं तिथे संगीत हळूहळू कमी करू नका, खटकन तोडा. शांतताच हसवते. हशा आला की पुढचं वाक्य लगेच टाकू नका. तो चढतो, टिकतो आणि उतरायला लागतो, तेव्हा बोला. हसताना लोकांचं लक्ष सैल होतं आणि जाणते जादूगार नेमक्या त्याच वेळी हातचलाखी उरकतात, हे मी कालिदास कलामंदिराच्या विंगेतून कितीदा पाहिलंय. म्हणजे विनोद ही वरची सजावट नाही, तो खेळाच्या आतला खिळा आहे.

*

त्र्यंबकेश्वर

दादासाहेब फाळके आमच्या गावचे, जन्म 1870. चित्रपटाच्या आधी ते जादू शिकले होते आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करत. मी खेळाची सुरुवात यानेच करतो. पाटीवर मोठ्या अक्षरात 'फाळके' लिहितो, मंत्र म्हणतो, पाटी फिरवतो आणि अक्षरं उलट क्रमाने वाचतो. यात जादू काहीच नाही, पण मुलं घरी जाईपर्यंत आपापली नावं उलटी करून हसत राहतात, आणि एका थोर माणसाची ओळख होते ती वेगळीच.

*

इंदिरानगर, कॉलेजला आहे

माझ्या हातात नीट उघडणारा जपानी पंखा दुसऱ्याच्या हातात गेला की खळकन गळून पडतो. ज्येष्ठ नागरिक संघात कोजागरीला हा खेळ केला. एका आजींना वर बोलावलं. पंखा त्यांच्या हातात मोडला, सगळे हसले. आजी मात्र कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगं बाई, मोडला गं माझ्याकडून," म्हणत त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि दहाची नोट पुढे केली. "नवा घे हो."

पुढचं वाक्य माझ्या तोंडपाठ होतं, पण ते बोलवेना. मी नोट घेतली, घडी करून पंख्यात ठेवली, पंखा मिटून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आजी, आता तुमच्या पैशांचा झाला, उघडून बघा." उघडला. अख्खा! आजींनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग भर स्टेजवर मलाच वारा घालायला लागल्या. "घामाघूम झालीस पोरी," म्हणाल्या. नोट परत द्यायला गेले तर घेतली नाही. ती अजून माझ्या सामानाच्या पेटीत आहे.