अनुभव धागा: गोळी कुणाच्या मर्जीने?

मनाच्या आजारावर औषध घेतलं असेल किंवा घरात कुणाला दिलं असेल, तर एवढंच सांगा: पेशंटला कुणी विचारलं होतं का? सुरुवात मी करते.

भावाला स्किझोफ्रेनिया. गोळी म्हटलं की ताट भिरकावायचा. मग रिस्पेरिडोनचं लिक्विड आलं आणि आई ते त्याच्या वरणात घालू लागली. आठ महिने. त्याची वाटी वेगळी, काठाला पोचा आलेली, चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. तो सुधारला, कामावर जाऊ लागला. एकदा लवकर घरी आला, तर आई ओट्याशी ड्रॉपर धरून उभी. पुढे दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं नाही, स्वतःचा कुकर स्वतः लावायचा. आता गोळी आपणहून घेतो, पण दर वेळी स्ट्रिपवरचं नाव वाचून. आईला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

सुईदोरा: बायपोलर, लिथियम चालू. मी ब्लाउज शिवतो आणि हाताच्या थरथरीने सुईत दोरा जाईना. सोडतो म्हणालो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रक्तातली पातळी तपासून डोस उतरवला. किडनी-थायरॉइडच्या तपासण्या होतातच. दोरा जातो आता. फॉल-पिकोला मात्र अजून चष्मा लागतो, त्यात लिथियमचा दोष नाही!

अनामिक: पॅरॉक्सेटिन (डिप्रेशन-चिंतेवरचं औषध) मनानेच एकदम बंद केलं. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. परत सुरू करून हळूहळू कमी केलं. सोडायचा निर्णय माझाच होता, घाईही माझीच.

घाटावरची: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात ॲडव्हान्स डायरेक्टिव्हची सोय आहे. कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, आपल्या वतीने कोण बोलणार, हे बरे असताना लिहून ठेवायचं. इमर्जन्सीतल्या उपचारांना ते लागू नाही. मी नवऱ्याऐवजी बहिणीचं नाव घातलं (त्यावरून घरात महाभारत झालं, तो वेगळा धागा). दवाखान्यात कागद पुढे केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मेडिक्लेमचं पलीकडच्या खिडकीत."

सुईदोरा: ताई, हे लिहिताना भावाला विचारलंत का?

हो. आधी म्हणाला, वाटीचं काढ. पाणी पिऊन परत आला आणि म्हणाला, राहू दे.