मदत हवी आहे: मॉसमुळे हिमयुग आलं, हे कितपत खरं?

मंडळी, भूशास्त्रातलं कुणी आहे का इथे? सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन या भूशास्त्रीय कालखंडाच्या शेवटी, गोंडवनावर (आफ्रिका, दक्षिण अमेरिका वगैरे एकत्र असलेल्या तेव्हाच्या महाखंडावर) बर्फ चढला. आज जिथे सहारा तापतोय, तिथल्या खडकांवर त्या हिमनद्यांचे ओरखडे अजून दिसतात! जमिनीवरच्या पहिल्या, मॉससारख्या वनस्पतींमुळे हा गारठा आला, असा दावा आहे. २०१२ मध्ये टिमथी लेंटन या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी ग्रॅनाइट आणि अँडेसाइट (ज्वालामुखी खडक) यांवर मॉस वाढवून पाहिलं, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम कितीतरी जास्त सुटं झालं. खडकाची झीज वाढली की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात खर्ची पडतो, गारठा वाढतो. इथवर पटलं.

पण धड मुळंही नसलेली ही चिमुकली रोपं खंडभर खडक कुरतडतील? शिवाय खडकावर माती साचली की झीज मंदावायला नको का? त्याच सुमारास उत्तर अमेरिकेतले अ‍ॅपलेशियन पर्वत उचलले जात होते, ताजा ज्वालामुखी खडक उघडा पडत होता. मग श्रेय मॉसचं की डोंगरांचं, हे खडकांतल्या कोणत्या पुराव्यावरून ठरवतात?