चार्टर शाळा: रिकाम्या जागा भरा ना
चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या अमेरिकेतल्या शाळा) बाकीच्या सरकारी शाळांचा पैसा पळवतात, बंदच करा, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. 1991 ला मिनेसोटात अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा झाला तेव्हा एक कल्पना अशी होती की इथे नवे प्रयोग करायचे आणि जमलेले बाकीच्या सरकारी शाळांनी उचलायचे, ती देवाणघेवाण फारशी झालीच नाही, खरं दुखणं ते आहे. आणि प्रवेशाची लॉटरी, म्हणजे अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या काढून जागा देणं! आमच्या शेजारची पोरगी सहावीच्या वेटिंग लिस्टवर, रोज शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच ठेवून आधी नंबर बघायची, आणि त्याच वर्गात बाकं रिकामी, कारण मधेच कोणी सोडून गेलं तर काही चार्टर ती जागा भरतच नाहीत. पब्लिकचा पैसा घेता ना, मग जागा भरायलाच हवी, प्रत्येक राज्याने हे कायद्यातच घालावं.