प्रगटदिनाचा भंडारा झाल्यावर वर्गणी उरते. त्यातून गावासाठी वर्षभर चालेल असं काय करावं?

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर)

राम राम मंडळी. आमच्या गावात गजानन महाराजांचं मंदिर आहे. माघ वद्य सप्तमीला प्रगटदिन, त्याआधी आठवडाभर पारायण, शेवटी काला आणि गावजेवण. झुणका-भाकर, अंबाडीची भाजी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. आजूबाजूच्या खेड्यांतले लोकही जेवून जातात. दाळ, तांदूळ, ज्वारी घरोघरून येते, सरपण शेतातून येतं, त्यामुळे रोख वर्गणी दरवर्षी थोडी उरते. ती आता दोन लाखांच्या वर गेली आहे आणि नुसती बँकेत आहे.

यंदाच्या बैठकीत मोठी माणसं म्हणाली, सभामंडपाला टाइल्स बसवू. त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही, मंदिर त्यांनीच डोक्यावर विटा वाहून उभं केलं आहे. पण आमचा सगळा भाग खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारट, किडनीचे पेशंट आमच्या वेटाळातच आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमरावती गाठायची, तीही सोयाबीनला भाव नसताना. शेजारचे एक आजोबा पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आणलं आणि सुतळीच्या खाटेवर झोपवलं. पंधरवड्यात पाठीला जखमा झाल्या. टेकवता-उठवता येणारा पलंग भाड्यानं आणायचा तर अमरावतीहून, भाडं आणि टेम्पो दोन्ही घरच्यांच्या आवाक्याबाहेर.

हे पाहून मला वाटतं की मंदिरानं या बाजूला काहीतरी करावं. पण पगारी माणूस आम्ही ठेवू शकत नाही. उत्साहात सुरू होऊन दिवाळीपर्यंत बंद पडेल असंही काही नको. मंदिराची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे. उत्सवाच्या नावानं घेतलेली वर्गणी दुसरीकडे वापरता येते का, आणि तुमच्या गावात असं काय टिकलं, ते सांगा.

वहीखाते (अकोला)

पैशाचं आधी सांगतो, कारण खेड्यातली चांगली कामं बहुतेक वेळा कागदावर अडतात.

मंदिराची घटना (नियमावली) आणि परिशिष्टाचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा काढा आणि त्यात उद्देश काय लिहिले आहेत ते वाचा. नुसतं ‘पूजाअर्चा व उत्सव’ असेल तर रुग्णांसाठी खर्च टाकताना लेखापरीक्षक हरकत घेऊ शकतो. ‘समाजोपयोगी कार्य’ किंवा ‘वैद्यकीय मदत’ असे शब्द असतील तर विश्वस्तांचा ठराव करून पुढे जा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ९ मध्ये धर्मादाय उद्देश कोणते ते दिलं आहे. गरिबी किंवा संकटातली मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लोकोपयोगाची इतर कामं त्यात येतात. निव्वळ पूजा किंवा धर्मशिक्षण या व्याख्येत बसत नाही. म्हणून आपल्या घटनेत दोन्ही असलेलं बरं. नसेल तर वकिलाकडून दुरुस्तीचा अर्ज करून घ्या.

दुसरं, विश्वस्तांची नावं तपासा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मंदिरांच्या नोंदीत आजही वारलेल्या माणसांची नावं आहेत. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर ऐन वेळी सही कोणाची, इथेच गाडी थांबते.

उत्सवासाठी जमवलेला पैसा वळवायचा असेल तर वर्गणी देणाऱ्यांसमोर, म्हणजे काल्याच्या दिवशी माईकवरून, हिशेब वाचून संमती घ्या आणि इतिवृत्तात लिहा. पुढच्या वर्षीपासून पावतीपुस्तकच वेगळं छापा.

चूल आणि पंगत (मेहकरकडची)

पूर्णाकाठ भाऊ, आमच्या गावात रुग्णांना लागणारं साहित्य वापरायला द्यायचं काम महिला भजनी मंडळ चालवतं, म्हणून लांबलचक लिहिते.

आधी एक सांगते, भंडाऱ्याच्या विरोधात बोलून हे काम सुरू करू नका. आमच्या भागात हिवरा आश्रम आहे, शुकदास महाराजांचा. विवेकानंद जयंतीला तिथे जो महाप्रसाद होतो तो एकदा बघून या. उघड्या शेतात माणसांच्या रांगाच रांगा बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून पंगतीत फिरते. त्याच आश्रमात महाराजांनी आयुष्यभर रोगी तपासले. इतक्या लोकांना शिस्तीत जेवू घालणारी माणसं रोग्याचं करायलाही कमी पडत नाहीत. तुमच्या गावातही पाण्याला कोण, वाढायला कोण, भांड्यांवर कोण बसणार हे न सांगता ठरलेलं असेल. पैशापेक्षा ही माणसं मोठी आहेत. टाइल्सवाल्या आजोबांनाच पहिल्यांदा सोबत घ्या.

आम्ही मंदिराच्या बाजूच्या खोलीत रुग्णसाहित्य ठेवलं. सुरुवात दोन वॉकर, एक व्हीलचेअर, एक कमोडची खुर्ची आणि वाफेच्या मशीनवर केली. पलंग नंतर घेतला, हवेची गादी त्याच्याही नंतर. सगळं एकदम घेऊ नका. गावाला काय लागतं ते पहिल्या वर्षात वहीच सांगते. आम्हाला वाटलं होतं व्हीलचेअर जास्त जाईल. प्रत्यक्षात कमोडच्या खुर्चीला मागणी, कारण गुडघे गेलेल्या बायका उकिडव्या बसू शकत नाहीत आणि कोणाला सांगतही नाहीत. खुर्ची न्यायला त्या दिवसा येत नव्हत्या. मग आम्हीच साडीच्या गाठोड्यात बांधून घरी पोचवायला लागलो.

वस्तू देणं सोपं आहे, ती नीट राखणं कठीण. वॉकरच्या पायांचं रबर झिजलं की तो शहाबादी फरशीवर सरकतो आणि ज्याच्यासाठी दिला तोच माणूस पुन्हा पडतो. म्हणून परत आलेला वॉकर आम्ही उलटा करून चारही रबरं बघतो, जास्तीची रबरं डब्यात असतात. हवेच्या गादीची नळी उंदीर कुरतडतात, ती लोखंडी कपाटातच ठेवा. पलंग खोलून ट्रॉलीत जातो, त्याचे नटबोल्ट फडक्याच्या पुरचुंडीत पलंगालाच बांधतो, नाहीतर एक नट हरवला की पलंग अडगळीत गेला समजा. आणि हंगामात त्या खोलीत सोयाबीनचे कट्टे ठेवू द्यायचे नाहीत. आमच्याकडे गावातली वजनदार माणसं मागायला आली होती. बायकांनी नाही म्हटलं, ते बरं झालं.

पलंगाचं एक अवघड आहे ते आधीच सांगते. त्यावर कोणी वारलं की दुसरं घर तो न्यायला बिचकतं. आमच्याकडे पहिल्याच वर्षी असं झालं. पलंग धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, नवी खोळ शिवली, तरी कोणी हात लावेना. मग आमच्या मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजींना ताप आला तेव्हा त्यांनी मुद्दाम तोच पलंग स्वतःच्या घरी मागवला आणि आठ दिवस त्यावर झोपल्या. बऱ्या झाल्या, हरिपाठाला आल्या. त्यानंतर तो पलंग कधी रिकामा राहिला नाही.

अनामत आम्ही घेतो, पण ज्याला जमत नाही त्याला मागत नाही. त्या घरासाठी मंडळातली एक बाई शब्द देते. आजवर वस्तू बुडालेली नाही. उशिरा आल्यात, मोडून आल्यात, पण आल्यात.

वारीवाला (खामगाव)

पगारी माणूस नाही म्हणून घाबरू नका. शेगावला मी सेवेकरी म्हणून जातो. तिथे गावोगावचे लोक पाळीनं येऊन बिनपगारी सेवा करतात. कोणी चपला सांभाळतो, कोणी झाडतो, कोणी महाप्रसादात वाढतो. येताना माणसाला माहीत असतं की आपली जागा कोणती, वेळ कोणती आणि कधी सुटणार. म्हणून तो थकत नाही. गावातल्या कामात उलट होतं. एकच उत्साही पोरगा सगळं ओढतो आणि त्याचं लग्न झालं किंवा तो पुण्याला गेला की काम संपतं. तुम्ही चाबीची पाळी महिन्यामहिन्यानं लावा आणि मंदिराच्या फळ्यावर नाव लिहा.

आणखी एक. शेगाव संस्थान १९०८ साली स्थापन झालं, महाराजांनी समाधी घेतली १९१० मध्ये. म्हणजे महाराज असतानाच व्यवस्था सुरू झाली होती. पुढे संस्थानचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांच्या काळात अभियांत्रिकी महाविद्यालय, सातपुड्यातल्या आदिवासींसाठी फिरता दवाखाना, मतिमंद मुलांची शाळा, हे सगळं उभं राहिलं. हे बैठकीत जरूर सांगा. महाराजांच्या नावानं रुग्णसेवा करणं म्हणजे नवीन काही नाही, हे मोठ्या माणसांना लगेच पटेल.

तिफनवाला (अंजनगाव सुर्जी)

राम राम भाऊ. गाडगेबाबाचं शेंडगाव आमच्याच तालुक्यात हाय, म्हून बोलतो.

माह्या मोठ्या भावाले तोंडाचा कॅन्सर झाला व्हता. टाटा हॉस्पिटलात नेलं. मुंबईत आमाले कोन वयखते? दादरले गाडगेबाबाच्या नावाची धर्मशाळा हाय, पेशंट अन् त्याच्या घरच्या लोकायसाठी, तिथं राह्यलो. कोनी जात इचारली नाही, कोनत्या देवाचे हा म्हून इचारलं नाही. हॉस्पिटलचा कागद पाह्यला अन् जागा देली. बाजूले बीडचे लोक, त्यायच्या बाजूले बंगालचे. सकाळी सारे आपापली जागा झाडून घेत. भाऊ काही वाचला नाही, पन त्या जागेनं आमची अब्रू वाचोली. फुटपाथवर झोपाची पाळी आली नाही.

बाबा १९५६ साली वलगावपाशी गेले. तोवर गावोगाव खराटा मारला, नाशिक, आळंदी, पंढरपूरले धर्मशाळा बांधल्या. अन् पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यायनं १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरायच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीले देऊन टाकली. एवढी मोठी इमारत, देऊन टाकली.

आता माहं म्हननं आयका. कपाट मंदिरात ठेवसान तं बौद्धपुऱ्यातली म्हतारी वॉकर मांगाले येईन काय? मोहल्ल्यातला चाचा येईन काय? तुमी नाही म्हननार नाही, मले मालूम हाय, पन थे पायरीच चढनार नाही तं तुमाले समजन कसं? खारं पानी तं साऱ्यायच्याच घरी जाते. म्हून सामान ग्रामपंचायतीत ठेवा, नाहीतं शाळेत. नाव महाराजाचंच लिहा, त्याले कोनाची ना नाही. चाब्या दोन करा. एक मंदिरातल्या मानसापाशी, दुसरी तिकडच्या मानसापाशी. पैसा मंदिराचा अन् हात साऱ्या गावाचे, असं करसान तं टिकन.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिफनवाले काका, तुमचं वाचून मी आमच्या पोरांना लगेच फोन केला. दोन चाब्यांची गोष्ट सगळ्यांना पटली. आमच्या गावात अंगणवाडीची जुनी खोली रिकामी आहे, ती गावाच्या मधोमध आहे आणि तिथे सगळ्या पुऱ्यांतल्या बाया पोरं घेऊन येतच असतात. सरपंचांना विचारतो.

ताई, तुमच्या आजींची गोष्ट मी बैठकीत सांगणार आहे. टाइल्सचा आग्रह ज्यांचा आहे ते तात्या वारकरी आहेत, दरवर्षी पायी पंढरपूर करतात. पहिला पलंग कोणाच्या घरी जायचा हे त्यांनीच ठरवावं असं वाटतं. उद्देशाचा उतारा काढायला दर्यापूरच्या वकिलांकडे सांगितलं आहे. हनुमान जयंतीला बैठक ठेवतो, त्या दिवशी सगळे मंदिरात असतातच.

वहीखाते दादा, अजून दोन शंका. अनामत घेतली तर ती मंदिराचं उत्पन्न धरतात का? आणि आमच्या गावातून मोठ्या दवाखान्यात पेशंट न्यायची वेळ येते तेव्हा ‘धर्मादाय’ म्हणून सवलत असते असं ऐकलं आहे. ती कशी मिळते?

वहीखाते (अकोला)

अनामत हे उत्पन्न नाही. ती परत द्यायची आहे, म्हणून ताळेबंदात देणे म्हणून दाखवा आणि शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवा, खर्चात मिसळू देऊ नका. कोणी परत घेतली नाही आणि ‘मंदिरालाच राहू द्या’ म्हटलं तर तेव्हा देणगीची पावती फाडा. देणगीदाराला आयकरातली देणगीची सूट (८०जी म्हणतात ती) हवी असेल तर मंदिराकडे आयकर खात्याची ती मान्यता लागते, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती सूट मिळत नाही. मोठी रक्कम चेकनं किंवा खात्यावर घ्या.

दवाखान्याचं असं आहे. सार्वजनिक न्यासाची जी मोठी रुग्णालयं धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत त्यांना त्याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खासगी मालकीच्या दवाखान्याला हे लागू नाही, म्हणून आधी रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचारा. भरती करतानाच तिथल्या समाजसेवकाला भेटून सांगा, बिल हातात आल्यावर नको. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत लागतो. खेड्यातला माणूस पेशंट घेऊन पळतो आणि कागद घरीच राहतात. तुमच्या अंगणवाडीच्या खोलीत वॉकरच्या शेजारी एक फाइल ठेवा. ज्या घरात डायलिसिसचा किंवा जुनाट आजाराचा पेशंट आहे त्यांच्या या दोन कागदांच्या झेरॉक्स त्यांच्या संमतीनं तिथे असू द्या. दाखल्याची मुदत संपत आली की त्या महिन्याच्या चाबीवाल्यानं त्या घरी जाऊन आठवण करायची.